बेकरीतली लिसेन्सियादा

बाळांनो, तुमच्यातली थोरली लॉ स्कूलला जाणार हे काल फोनवर कळलं, आणि आज इथे परदेशात, चँडलर गावातल्या मेक्सिकन बेकरीत दालचिनीचा वास येताच मला माझी जुनी मेक्सिकन शेजारीण आठवली. ती तिकडची वकील होती. इथे तिला वकिली करता येत नव्हती, तरी या बेकरीचा पाववाला तिला "लिसेन्सियादा" म्हणायचा, कारण त्यांच्यात वकीलबाईंना अशीच हाक मारतात. पुण्याची सनद माझ्याकडेही होती, पण मी मात्र सगळ्यांची काकू. एकदा न राहवून मी म्हटलं, "इथे कुठे चालते तुझी वकिली?" ती हसली. "पदवी काय विमानतळावर काढून घेतात? तुला तिकडे काय म्हणून हाक मारायचे?" मी म्हटलं, "आमच्याकडे वकिलीणबाई म्हणजे वकिलाची बायको, आणि माझा नवरा इंजिनियर!" तिने लगेच पाववाल्याला माझी ओळख करून दिली. तो अदबीने "लिसेन्सियादा!" म्हणाला, एक गरम पाव जास्तीचा दिला, आणि आपल्या भावाच्या घराच्या वादाबद्दल मात्र तिलाच विचारू लागला. पुढे ती मायदेशी परतली आणि पुन्हा कोर्टात उभी राहिली. पाववाला मला अजून लिसेन्सियादा म्हणतो, आणि मला तिचा हेवाही अजून वाटतो.