घास भरवलेलं जाकीट

थंडी पडली की कपाटातून मी सगळ्यात आधी काढते ते माझं गोधडीचं जाकीट. बिनबाह्यांचं, कमरेपर्यंत येणारं, पुढे कापडी बंद. जुन्या लुगड्यांचे तुकडे आणि त्यावर उभ्या-आडव्या धावदोऱ्याच्या ओळी. डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर झेंडूच्या रंगाचं एक चुणीदार फूल आहे. नवीन माणूस हमखास त्या फुलाला हात लावतो आणि विचारतो, "हे कुठे मिळालं हो?" मी सुवर्णाचा पत्ता सांगते. फूल तिथे कसं आलं ते मात्र उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे.

चौऱ्याण्णव साली आम्ही मखमलाबाद रस्त्याला घर बांधलं. आमच्या ह्यांची नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात. ते सकाळी बसने जायचे आणि मी दिवसभर नव्या घराच्या ओल्या भिंतींशी बोलायची. कुंपणापलीकडे झेंडू, शेवंती आणि मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. ते सुवर्णाच्या सासरचे. घरात तिघंच मोठी माणसं: सुवर्णा, तिचा नवरा गोरक्ष आणि सासू ठमाबाई. गोरक्षचा छोटा टेम्पो होता. पहाटे तोडलेली फुलं तो त्यातून फुलबाजारात पोचवायचा.

वास्तुशांतीची फुलं द्यायला सुवर्णा पहिल्यांदा घरी आली, तेव्हा मी फुलांऐवजी तिच्या पिशवीकडेच बघत राहिले. कांदे भरतात ती लाल जाळी, आतून इरकली लुगड्याचं अस्तर आणि तोंडाला ओवलेल्या चिंचोक्यांची माळ.

"कुठून आणलीस गं ही?"

"आणली कुठं वहिनी, केली. माहेर देवळ्याकडचं ना माझं. आमच्याकडं कांद्याच्या जाळीला काय तोटा?"

दुसऱ्या आठवड्यात तशीच एक पिशवी तिने माझ्यासाठी केली. ती घेऊन मी भाजी बाजारात गेले आणि भाजीवाली म्हणाली, "बाई, जाळी रिकामी करून द्या, कांदे भरून देते!" मी हसले, पण पिशवी सोडली नाही.

सुवर्णा बारावी झालेली. शिवणाचा क्लास तिने कधी केला नव्हता. तिचे हातच स्वस्थ बसत नसत. पडद्याच्या उरलेल्या कापडाचा झगा, खताच्या गोणीची टोपी, भोपळ्याच्या बियांची कानातली. गोरक्ष म्हणायचा, "वहिनी, हिच्यापुढं काही वाळत घालायची सोय नाही. एक दिवस माझ्या टेम्पोची ताडपत्री अंगात घालून उभी राहील बघा."

"राहीन की," सुवर्णा म्हणायची. "पावसात भिजणार तरी नाही."

माझ्याकडे मासिकं यायची. दुपारी काम उरकलं की ती पायरीवर येऊन बसे आणि कपड्यांची पानं फार हळू उलटायची. एकदा एका पानावर बोट ठेवून तिने विचारलं, "वहिनी, ही बाई हे घालून रस्त्यानं जात असेल, तेव्हा शिवणारीला दिसत असेल का हो?"

"एखादवेळी दिसत असेल."

"मला तेवढंच पाहिजे. आपण शिवलेलं काहीतरी, आपल्याला अजिबात न ओळखणारी बाई, आपल्या मनानं घालून नाशकात चाललीय. तुम्ही घालता ते माझ्या मायेपोटी. नणंद घालते ती फुकट मिळतं म्हणून. अनोळखी बाईनं घातलं की समजायचं, आपल्याला जमलं."

इतकी सरळ, इतकी मोजकी इच्छा मी आधी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मी बी.ए. झाले तेव्हा मलाही कुणी विचारलं असतं, तर मला असं एका वाक्यात सांगता आलं नसतं.

जाकिटाची कल्पना वाफ्यात जन्मली. फुलं तोडायची ती पहाटे, आणि नाशिकची पौष-माघातली पहाट म्हणजे बोटं वाकत नाहीत. सुवर्णा खांद्यावर गोधडी घेऊन तोडणी करायची. पण गोधडी सारखी घसरायची. एके दिवशी वैतागून तिने फाटकी गोधडी घेतली, हातांसाठी दोन भोकं कापली, कडा दुमडून शिवल्या आणि बंद लावले. ठमाबाई कडाडल्या, "अगं, अंगावर घ्यायची गोधडी अंगात घालती का कुणी? लोक म्हणतील, माळ्याची सून अंथरुणातून उठून थेट शेतात आली!"

"तशीच तर येते, आत्याबाई."

ठमाबाईंना हसू आवरलं नाही. आठ दिवसांनी त्याच विचारत होत्या, "माझ्या मापाचं होईल का गं एखादं?"

मग सुवर्णा रीतसर करू लागली. मऊ झालेली जुनी लुगडी निवडायची, मापाने कापायची, थर लावायचे, वर ठिगळांची नक्षी जुळवायची आणि धावदोरा घालायचा. कुठलंही जाकीट दुसऱ्यासारखं नाही. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मीच म्हटलं, आमच्या महिला मंडळाचं दिवाळीआधी प्रदर्शन असतं, अर्धं टेबल घेऊन ठेवते. लोणची विकणाऱ्या एक बाई उरलेल्या अर्ध्यावर बसणार होत्या. सुवर्णाने एकदम होकार दिला नाही. दोन दिवसांनी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "अनोळखी बाया येतात ना तिथं?"

"सगळ्या अनोळखीच येतात."

"मग घ्या टेबल."

पावसाळाभर तिच्या पडवीत शिवण चाललं. ठमाबाईंच्या घरची एक रीत होती. गोधडीची शेवटची वीतभर शिवण घरातल्या मोठ्या बाईने घालायची. जाकीट झालं तरी शिवणीची जात गोधडीचीच, म्हणून सुवर्णा प्रत्येकाचा डावा कोपरा उघडा ठेवून सासूच्या हाती द्यायची. ठमाबाई ते घेऊन चुलीजवळ जायच्या आणि कोपरा बंद करून आणायच्या. आम्हाला वाटे, उजेडाला बसत असतील.

दसऱ्याला घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. खोल्यांमधून झेंडूचे ढीग, अंगणात माळा ओवणाऱ्या बाया. झेंडूचा ओला डाग लागू नये म्हणून सुवर्णाने सगळी जाकिटं धुवट कापडात बांधली आणि गाठोडं माळ्यावर टाकलं. ते खाली उतरवलं ते थेट प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सकाळी. मी किमतीच्या चिठ्ठ्या लावायला गेले होते.

गाठ सोडली. पहिलं जाकीट उचललं, तर डाव्या कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक. दुसरं उचललं, तिथेच भोक. तिसरं, चौथं, सगळी तशीच. बाकी कुठे दात लागलेला नाही. प्रत्येकाचा डावा कोपराच तेवढा कुरतडलेला.

"उंदीर," गोरक्ष म्हणाला. "पण हा काय मापं घेऊन बसला होता का?"

सुवर्णाने गाठोडं पुढ्यात ओढलं. एकेक कोपरा बोटाने चाचपत राहिली. मग तिने एका भोकातून काहीतरी पांढरट चुरा काढला, नाकाशी नेला आणि सासूकडे बघितलं.

"आत्याबाई, आत काय ठेवलंत?"

ठमाबाई दारात उभ्या होत्या. "काय ठेवीन? घास ठेवला."

"घास?"

"भाकरीचा. नखाएवढा. गोधडीचं तोंड मिटायच्या आधी तिला घास द्यावाच लागतो. जेवलेली गोधडी पांघरणाऱ्याला उपाशी झोपू देत नाय. तुझ्या लग्नातल्या गोधडीत पण हाय."

"अहो, पण ही जाकिटं आहेत!"

"मग? हात बाहेर काढायला भोकं पाडली म्हणून तिला उपाशी ठेवायची?"

मला हसावं की रडावं कळेना. सुवर्णा खाली बसली, गुडघ्यात डोकं घातलं आणि म्हणाली, "वहिनी, टेबल दुसऱ्या कुणाला देऊन टाका. उंदरानं खाल्लेलं अंगात कोण घालणार? लोक आधीच गोधडी म्हणून नाकं मुरडणार."

मी समजूत घालायला तोंड उघडणार, तोच ठमाबाई आत गेल्या. पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या त्या ब्लाउजपिसांचा गठ्ठा घेऊन. ओटीत मिळणारी ती कापडं तुम्हाला माहीत असतील. ना त्यांचं पोलकं होतं, ना ती टाकवतात. एका घरच्या ओटीतून दुसऱ्या घरच्या ओटीत फिरत राहतात. ठमाबाईंच्या पेटीत येऊन मात्र त्यांचा प्रवास थांबला होता. त्यातली पिवळी, केशरी, नारिंगी त्यांनी वेगळी काढली आणि सुनेपुढे टाकली.

"रडती काय? फुलांचा धंदा हाय आपला. भोकावर फूल लाव."

सुवर्णाने मान वर केली. एक तुकडा उचलला, बघितला, वाटी ठेवून गोल कापला, कडेने दोरा ओवून ओढला. कापड चुण्या घेत गोळा झालं आणि तिच्या तळहातावर झेंडू फुलला.

मग पडवीत काय लगबग उडाली! दिवाळीच्या माळांसाठी आलेल्या बाया सुया घेऊन बसल्या. ज्या हातांना रोज खऱ्या झेंडूची सवय, त्यांना कापडाचा झेंडू शिकवावा लागला नाही. मी वाटीने गोल कापत होते, माझे वाकडे जात होते. फुलाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वैनी, वाकडी बी फुलं निघत्यात झाडाला." दुपार कलायच्या आत सगळ्या कोपऱ्यांवर फुलं बसली. प्रत्येक फूल वेगळं, कारण हात वेगळे.

फुलं अजून नुसती टाचलेली होती. ती पक्की शिवण्याआधी ठमाबाईंनी हात पुढे केला. सुवर्णाने जाकीट छातीशी धरलं. "आता भाकरी नाही हं, आत्याबाई!"

"नाय गं. लवंग ठेवते एकेक. तिला उंदीर तोंड लावत नाय."

"लवंगेनं पोट भरतं का?"

"जेवण झालंच हाय तिचं. आता विडा!"

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडवरच्या कार्यालयात आम्ही टेबल मांडलं. सुवर्णा तासभरच थांबली. दिवाळीचा माल तोडायला आलेला, गोरक्ष एकटा पडला, तिला परतावंच लागलं. टेबलाशी मी होते. एक बाई म्हणाल्या, "गादीवाल्याकडून आणलंत का?" दुसऱ्या म्हणाल्या, "लवंगेचा वास येतोय, लोणच्याच्या मसाल्याचं पाकीट फुटलं वाटतं." पण ज्यांनी एकदा अंगात घालून पाहिलं, त्यातल्या बऱ्याच जणींनी ते काढून परत ठेवलं नाही. संध्याकाळी रिकामं गाठोडं घेऊन मी घरी आले. सुवर्णा आनंदली, तरी लगेच म्हणाली, "घेतली खरी, वहिनी. घालतात का ते बघायचं."

त्या हिवाळ्यात ती बाजारात जाताना बायांचे चेहरे बघत नसे, डावे कोपरे बघे. मार्गशीर्ष गेला, पौष आला. काहीच दिसलं नाही. "पेटीत पडली असतील," ती म्हणू लागली. "ओटीतल्या ब्लाउजपिसांसारखी." नवीन शिवणं तिने थांबवलं होतं. मी विषय काढला की म्हणे, "आधी एक तरी रस्त्यावर दिसू दे."

जानेवारीतली एक सकाळ. मला कॉलेज रोडला जायचं होतं, म्हणून गोरक्षच्या टेम्पोत तिघं दाटीवाटीने बसलो. धुकं होतं. सिग्नलला थांबलो आणि आमच्या पुढे एक मुलगी स्कूटीवर. अंगात जाकीट. वाऱ्याने कोपरा उडाला आणि नारिंगी फूल हललं.

सुवर्णाने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"अहो, तिच्या मागं घ्या!"

"अगं, बाजार उजवीकडं..."

"राहू दे बाजार!"

शेवंतीने भरलेला टेम्पो स्कूटीच्या मागे निघाला. मुलगी वळली, आम्ही वळलो. ती पुन्हा वळली, आम्हीही. शेवटी ती एका बेकरीपाशी थांबली आणि कमरेवर हात ठेवून तडक आमच्याकडे आली. "काय हो काका, मघापासून मागे मागे काय येताय?"

गोरक्षचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी नाही, ही... हिला विचारा."

सुवर्णा खिडकीतून बाहेर झुकली. कसंबसं म्हणाली, "ताई, जाकीट छान आहे. कुठून घेतलंत?"

मुलीचा राग उतरला. "हे होय? आईने प्रदर्शनातून आणलं. मी आधी म्हटलं, गोधडी काय घालायची! आता रोज हेच घालते. आईने या फुलासाठी घेतलं. शिवणारीने कोपऱ्यावर खूण ठेवलीय म्हणे, प्रत्येकावर वेगळी." मग फूल चिमटीत धरून म्हणाली, "आणि वास घ्या ना, लवंग आहे यात. मी परीक्षेत सारखी हुंगत बसते."

मी सुवर्णाकडे बघितलं. आता सांगेल, मी शिवलंय म्हणून. ती फक्त म्हणाली, "छान दिसतं तुम्हाला." आणि मागे वाकून शेवंतीची एक जुडी मुलीच्या हातात दिली.

स्कूटी गेल्यावर मी म्हटलं, "वेडी आहेस का? सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ओळख झाली असती, वहिनी. मला अनोळखीच पाहिजे होती." एवढं म्हणून तिने पदर तोंडाला लावला आणि बेकरीसमोर, भर रस्त्यात, पोटभर रडली. गोरक्ष शांतपणे इंजिन बंद करून बसून राहिला. त्या दिवशी शेवंतीला भाव मिळाला नाही, आणि त्याने तो विषय कधी काढला नाही. त्याबद्दल मला तो माणूस फार आवडतो.

घरी आल्यावर ठमाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "फूल घट्ट होतं का?"

"घट्ट होतं."

"मग काप पुढचं लुगडं."

आज सुवर्णाच्या पडवीला भिंत आणि दार आहे. चार बायका तिच्याकडे शिवतात, पुण्याहूनही मागणी येते. फुलांचा धंदा आहेच. प्रत्येक जाकिटाच्या डाव्या कोपऱ्यावर फूल असतं, आत लवंग असते, आणि शेवटची शिवण अजून ठमाबाईच घालतात, दोन चष्मे बदलून. माझे नव्या घरातले एकटे दिवस त्या पडवीने भरले. तिथल्या किती जणींची मी ऋणी आहे, ते सांगणं म्हणजे या जाकिटातले टाके मोजण्यासारखं आहे.

जानेवारीतल्या त्याच संध्याकाळचं एक राहिलं. मी निघाले होते, तेव्हा ठमाबाई शिडी लावून माळ्यावर भाकरीचा कोर ठेवत होत्या. सुवर्णा ओरडली, "आत्याबाई! आता उंदीर पोसता का?"

"एकच दिवस," त्या वरूनच म्हणाल्या. "फूल त्याच्यामुळं लागलं. त्याचा घास त्याला देऊ दे."

सुवर्णाने खालून शिडी घट्ट धरली.