बाहेरच्यांवर नजर ठेवणारं आमचं पथक

ऐंशीच्या दशकात आमच्या भांडुपच्या चाळीत एक समाजसेविका बाई दर रविवारी यायच्या. लहान पोरांना वाईट माणसांपासून कसं जपायचं, हे आम्हा अकरा मोठ्या पोरापोरींना शिकवायला. तेव्हा या विषयाला नावच नव्हतं. बाई 'नकोसा स्पर्श' म्हणाल्या, तर दाराबाहेर कान लावून उभी असलेली वडीलधारी मंडळी अशी खोकायला लागली की सगळ्या चाळीला एकदम डांग्या खोकला झाला असावा.

बाईंचा धडा सोपा होता. मूल काही सांगायला आलं तर आधी विश्वास ठेवा. मग भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. आम्ही ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि वही मिटली. खरा जीव जडला तो शिट्ट्यांवर. त्या दिल्या चाळीच्या मंडळाच्या अध्यक्षांनी. पेन्शनर माणूस, सगळ्या चाळीचे काका, दुपारी पोरांना फुकट गणितं शिकवायचे. म्हणाले, "बाहेरच्या माणसांवर नजर ठेवा रे!"

ठेवली ना! माझी शिट्टी वाजली की मुलुंडच्या चेकनाक्यावर ट्रक ब्रेक मारायचे. आम्ही गोळेवाला पकडला, सुऱ्यांना धार लावणारा दोनदा पकडला. फणस घेऊन आलेल्या एका संशयित म्हाताऱ्याला तर सहाजणांनी घेरलं. फणस त्याच्या पायावर पडला तेव्हा तो ओरडला, "गो चेडवा, माका ओळखूक नाय? तुझ्या बापाशीचो मामा मी!"

अशातच शेजारच्या खोलीतली तिसरीतली पोर एका दुपारी वही छातीशी धरून आमच्या दारात उभी राहिली.

"काय गं, काकांकडे नाही गेलीस?"

"नको."

"का?"

"ते मांडीवर बसवतात. सोडतच नाहीत. मला नाही आवडत."

आणि मी, चार रविवार तयार झालेली रक्षक, काय बोलले? "अगं, ते काका आहेत!"

"बरं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

त्या 'बरं'नं मला मिटलेली वही आठवली. धावत जाऊन जिन्यात तिला गाठलं. "थांब. तुझं खरंय. तिथे नाही जायचं." हात धरून तिला थेट तिच्या आईपुढे नेलं आणि सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. "हळू बोल," म्हणाली. मग पोरीकडे बघत राहिली. मग उठली, गॅलरीत गेली आणि पार चारकोपपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजपासून माझी पोर कुणाच्या घरी शिकायला जाणार नाही!"

चाळीतल्या एकाही बाईनं 'का' विचारलं नाही. त्या पोरीला आमच्या गॅलरीत मीच गणितं शिकवायला लागले. चार दिवसांत मात्र आणखी आठ पोरं तिथे वह्या घेऊन हजर. एकीची आई म्हणे, काकांकडे उकडतं. दुसरीची म्हणे, उजेड कमी पडतो. इतकी वर्षं उकडत असणार.

मी बाईंना सांगितलं. बाई पोलिसांत जायचं म्हणाल्या, तर मंडळी म्हणाली, "बाई, चाळीची अब्रू आहे." पुढच्या रविवारपासून बाईंच्या वर्गाच्या खोलीला कुलूप. बाहेरच्या माणसांवर नजर ठेवायची होती ना, बाईच तेवढ्या बाहेरच्या निघाल्या.

गणितात मला काठावरचे पस्तीस. माझ्या शिकवणीनं नऊच्या नऊ पोरांचे पाढे बिघडले. सहामाहीला सगळी आपटली. ती पोर भोपळा घेऊन खिदळत आली.

त्याच आठवड्यात मंडळाची सभा झाली. काका पुन्हा बिनविरोध अध्यक्ष. टाळ्या आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू आल्या. मी पोरांना म्हटलं, "लक्ष वहीत! सात साते?"