बर्फ फुटला

लग्न होऊन मी शहापूरहून धसईजवळच्या गावात आले, तेव्हा सासरे माझ्याशी थेट बोलतच नसत. राग वगैरे काही नव्हता. सुनेशी काय बोलायचं, हे त्यांना उमगत नसावं. "तिला सांग, भाजी बरी झाली," असं ते माझ्यासमोरच सासूबाईंना सांगत. सासूबाई माझ्याकडे बघून हसत.

मुरबाडच्या एका शाळेत मुलाखत द्यायची होती, इंग्रजीतून. मी वाल सोलता सोलता वाक्प्रचार घोकायची. गेट द बॉल रोलिंग म्हणजे कामाला सुरुवात करणं. स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच म्हणजे पार शून्यापासून सुरुवात. सासरे ओटीवर पडून असत. मला वाटायचं, झोपलेत.

एकदा सासूबाई भातसानगरला बहिणीकडे राहायला गेल्या. नवरा कामावर. मी चहा नेऊन ठेवला आणि वळले, तर मागून आवाज आला.

"ता बर्फाचा काय बोलत व्हतीस गो?"

मी थबकलेच. "ब्रेक द आइस. बर्फ फोडणं. म्हणजे दोन माणसं गप्प असली, अवघडलेली असली, की कुणीतरी पहिल्यांदा बोलायचं."

"आनि मंग?"

"मग दुसऱ्यानं बोलायचं."

ते कपात बघून हसले. "मंग आपला फुटला बोलायचा." मग म्हणाले, "बस ना. तुजा चाय कुठं हाय?"

मी माझा कप घेऊन आले. त्या दिवशी आम्ही पुष्कळ बोललो. माझी आई कशी आहे, मला इथे करमतं का, हे सगळं त्यांना कधीपासून विचारायचं होतं.

सासूबाई परतल्या आणि आम्हाला बोलताना बघून दारातच उभ्या राहिल्या. "मी नाय तवाच बोलायचा व्हता व्हय!"

मुलाखतीला सासऱ्यांनीच मला मोटरसायकलवरून नेलं. ती नोकरी काही मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत मिळाली. पण मुलाखतीहून परतताना त्यांनी मला तिथे विचारलेला एकेक प्रश्न विचारून घेतला. वाऱ्यात माझं बोलणं ऐकू येईना, तेव्हा त्यांनी गाडी इतकी हळू केली की मागच्या सायकलवाल्यानंही आम्हाला गाठलं.

"हां, आता बोल," ते म्हणाले.