दादाचा बिनमोटरचा लेथ

आमचा दादा कातारी. चाळीस वर्षं मोटरच्या लेथवर खुर्च्यांचे पाय आणि जिन्याचे दांडे कातून त्यानं घर चालवलं. मग डोळे अधू झाले, इतके की समोर माणूस आहे की कपाट, हे आवाजावरून ठरवायचं. तरी स्वारीचं काम गुपचूप चालूच होतं. एका दुपारी बोट कापलं, आणि नर्स असलेल्या त्याच्या लेकीनं आधी पट्टी बांधली, मग मोटरच काढून नेली.

वहिनी गेल्यापासून मी दादाकडेच राहते. आठवडाभर तो खिडकीशी नुसता बसून होता. मला ते बघवेना. आठव्या दिवशी त्यानं मला वेळूची लांब काठी आणायला पिटाळलं. आजोबांचा होता तसा पायानं चालवायचा लेथ बांधायचा म्हणे. दोन खुंटांमध्ये लाकूड धरायचं, वर आडवा लवचीक वेळू, त्याच्या शेंड्याला बांधलेल्या दोरीचे लाकडाला दोन वेढे, आणि खालचं टोक पायाखालच्या फळीला. फळी दाबली की लाकूड फिरतं, सोडली की वेळू दोरी ओढून ते उलटं फिरवतो. पटाशी टेकवायची ती फक्त दाबताना.

लेकीला कळलंच. रविवारी येते, धोका दिसला तर पटाश्याही नेईन, असं तिनं फोनवर बजावलं. पटाश्या गेल्या असत्या तर दादा संपलाच असता.

सगळं बांधून झालं, पण लाकूड काही कापेना. दादानं तीनदा धार लावली, लाकडाला नावं ठेवली, मग मला. मी मात्र हयातभर पायमशीनवर कपडे शिवलेत. फळीवर पाय ठेवून लाकडाला हात लावला, तर दाबताना आपल्याकडची बाजू पटाशीवर खाली यायच्याऐवजी वर पळत होती. वेढे उलटे पडले होते. चाळीस वर्षं मोटरनं आयतं फिरवून दिलं, तिथं दिशेचा विचार कोण करतो? वेढे बदलल्यावर पहिलाच लांब छिलका निघाला. शाबासकी नाही मिळाली, पण चहा त्यानं केला.

रविवारी लेक कपाळाला आठ्या घालूनच आली आणि दाराशी उभी राहिली. दादानं चारदा फळी दाबली, मग थांबला. पायाबरोबर लाकूडही थांबलं. त्यानं त्यावर बोट फिरवलं.

"इथं सूतभर जाड आहे," तो म्हणाला.

तिनं तिथं आणि शेजारी दोरा गुंडाळून मोजलं. होतंच.

"पटाश्या राहू देत," ती म्हणाली. मग हळूच, "लहानपणी तुम्ही मला कधी जवळ येऊ दिलं नाहीत, बाबा. दिसले की 'लांब हो' म्हणायचात."

"मोटर होती गं. तुझ्या वेण्या लांब होत्या. माझा जीव टांगणीला लागायचा."

तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. दादानं पुन्हा फळी दाबली.