हिरवं दार

माझी वहिनी जाळी सांधते. बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी जाऊन बसते, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवते आणि फाटलेली जागा बोटांनीच शोधते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तिच्या दाराबद्दल आहे, पण तेही मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

आमच्या गावात होडी रंगवून उरलेला रंग घराच्या दाराला लावतात. दादाची होडी हिरवी, म्हणून दार हिरवं. ती होडी दादासकट परत आली नाही. अशा दाराला मग कोणी हात लावत नाही. खारा वारा रंग उतरवतो. सगळं लाकूड उघडं पडलं की घर मोकळं झालं असं धरतात आणि हवा तो रंग देतात. वहिनीने पांढऱ्या रंगाचा डबा आणून पलंगाखाली ठेवला होता. दारावर आता कडीपाशी तळहाताएवढा हिरवा पोपडा तेवढा राहिला होता.

अशात पर्यटन समितीने गावातून खजिना शोधायची वाट आखली. पाहुण्यांना नकाशा देतात, कोडी घालतात. आमच्या गल्लीतलं कोडं असं होतं: 'किनाऱ्यावर ज्याच्या रंगाची होडी नाही, असं दार शोधा.' माणसं होड्या बघत, दारं बघत येत आणि वहिनीच्या उंबऱ्यापुढे "सापडलं!" म्हणून ओरडत. चौकटीला टांगलेला शिक्का कार्डावर मारत आणि पुढे जात.

"या वयात खजिना झाले बघा, भावोजी," वहिनी म्हणाली. हसली मात्र नाही.

"समितीला सांगू का, हे कोडं काढा म्हणून?"

"कशाला? ओरडून जातात बिचारे."

पुढे समितीची बाई आली. हिरवा रंग दिसत नाही, लोक भलत्याच गल्लीत शिरतात, अशा तक्रारी होत्या.

"मावशी, आम्ही रंगवून देतो. तुम्हाला काही बघावं लागणार नाही."

"राहू दे गं. थोडाच उरलाय, उतरू दे."

बाईला वाटलं, मावशी संकोचतात.

वहिनी शेडमध्ये आणि मी बाजारात असताना रंगारी येऊन गेला. संध्याकाळी आम्ही दोघं दारापुढे उभे राहिलो. दार नव्या होडीसारखं चकचकत होतं. समोरचे सुतारमामा काठी टेकत आले. जन्मभर त्यांनी होड्याच बांधल्या. हल्ली त्यांना कालचं आठवत नाही. ओलं दार बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, होडी आली की काय?"

"नाही, मामा. नुसता रंग दिलाय."

"हां, हां," म्हणत ते परत फिरले.

"खरवडून काढू?" मी हळूच विचारलं.

"हाताने काढायचा नसतो. माहीत आहे ना तुम्हाला?"

फडक्याने कडी धरून तिने दार उघडलं. आत जाऊन पलंगाखालचा डबा घेऊन आली.

"तुमच्या खिडक्यांना लावा. इथे वाळून जाईल."

मी डबा घेतला.

"जेवलात का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

माझ्या खिडक्या आता पांढऱ्या आहेत.