पलीकडचा हात

बंधाऱ्याच्या दरवाजाला दोन चाकं होती. एक या काठावर, एक त्या काठावर, आणि मधे नदीवरून गेलेला एकच लोखंडी दांडा. नदी दोन देशांची, म्हणून ही सोय. दरवाजा उचलायचा तर दोन्हीकडून जोर लागायचा. एकट्यानं कितीही छाती फोडली तरी तो बोटभरही हलत नसे. करारात मोठ्या लोकांनी काय काय लिहिलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. खालच्या माणसांना एवढंच कळत होतं, की पलीकडच्यानं हात लावल्याशिवाय पाणी नाही.

या काठाचं चाक दादा फिरवायचा. तो धाकट्या भावाचा दादा, पण पुढे सगळी वसाहतच त्याला दादा म्हणायला लागली. आईबाप लवकर गेले. धाकट्याला त्यानंच वाढवलं, त्यानंच पोहायला शिकवलं. तो पाणबुड्या होऊन याच बंधाऱ्यावर कामाला लागला तेव्हा दादानं त्याला एकच सांगितलं, "तू खाली असलास की मी चाकाला हात लावणार नाही. निर्धास्त जा."

पलीकडच्या माणसाची भाषा दादाला येत नव्हती. दोघांचं बोलणं पान्यानं चालायचं. दांड्यावर दोन टोले मारायचे, म्हणजे मी तयार. समोरून दोन टोले आले की चाक अडवून धरणारी खिट्टी काढायची आणि चाक फिरवायचं. पण दांड्यातून माणूस कळतो. पलीकडच्याचा एक खांदा दुखरा होता. अर्धा फेरा झाला की तो थांबायचा, दम घ्यायचा, मग उरलेला अर्धा ओढायचा. दादाही त्याच्यासाठी थांबायचा. अशी वर्षं गेली आणि ती खोड दादाच्या अंगात मुरली. घरात कपाट सरकवतानाही तो मधेच थांबे. वहिनी करवादायची, "आता कोणाची वाट बघताय? इकडून मी ढकलतेय, माझा खांदा शाबूत आहे!"

त्या हिवाळ्यात पलीकडचा गेला. झोपेतच गेला म्हणे. नवा माणूस येईपर्यंत त्याचं चाक ताडपत्रीत गुंडाळून साखळीनं बांधून ठेवलं. दरवाजा अर्धा उचललेला होता, तसाच राहिला.

थोड्याच दिवसांत दरवाजाखाली ओंडके अडकले. धाकटा उतरला. त्याची हवेची नळी सांभाळायला वर होडीवाला होता. सकाळ होती, पण धुकं असं की दादाला स्वतःच्या चाकापुढचं काही दिसेना. तो नुसता उभा होता.

दांड्यावर दोन टोले पडले.

खाली धाकटा ओंडका सुटावा म्हणून लोखंडी चौकटीवर हातोडा मारत होता. तोच आवाज लोखंडातून वर चढला होता. दादाला हे नंतर उमगलं. पलीकडचा मेलाय हे त्याला माहीत होतं, भाऊ खाली आहे हेही माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं. हातांनी पाना उचलला, दोन टोले दिले आणि खिट्टी काढली.

दरवाजा खाली सुटला. चाक हातातून निसटलं. दादानं चाकावर अंग टाकलं तर ते त्यालाच घेऊन फिरायला लागलं. "धाकट्या!" तो ओरडला. धुक्यात आवाज कुठे गेला कोण जाणे.

मग चाक थांबलं.

काही अडकलं की चाक गचकन थांबतं, मनगटं निखळतात. हे तसं नव्हतं. पाय रोवून कोणी हळूहळू भार अंगावर घ्यावा, तसं ते थांबलं. आणि दांड्यातून ओढ आली, वरच्या बाजूला. दादानं दात खाऊन जोर लावला. अर्धा फेरा झाला. चाक थांबलं. दादाही थांबला. मग उरलेला अर्धा. दरवाजा वर आला. दादानं खिट्टी घातली आणि तो खालीच बसला.

धाकट्याला होडीवाल्यानं ओढून काढलं. त्याच्या पाठीवर दरवाजाची धार उमटली होती.

"छातीत श्वास मावत नव्हता," तो म्हणाला. मग दादाकडे बघत राहिला. "उचललास कोणाबरोबर?"

धुकं विरलं तेव्हा समोरचं चाक दिसलं. ताडपत्री तशीच बांधलेली. तिच्यावरचं दव कोणी पुसलेलं नव्हतं.

दोन्हीकडचे साहेब आले. खिट्टी मीच काढली, हे दादानं आधीच सांगून टाकलं. साखळी सैल होती, ती ताणली गेली आणि दरवाजा अडला, असं ठरलं.

"आणि वर कसा आला?" धाकट्यानं विचारलं.

इकडच्या साहेबांनी तिकडच्या साहेबांकडे पाहिलं. "दांड्याला पीळ बसला असेल. त्यानं उलटा झोका दिला."

"असेल," दादा म्हणाला. एरवी वाटीभर पाण्यावरून भांडणाऱ्या दोन देशांचं त्या दिवशी चहा यायच्या आत एकमत झालं.

त्यानंतर धाकटा पाण्यात उतरेना. रोज बंधाऱ्यावर येई, अंगावर पोशाख चढवी, आणि काठावरच बसून राही. पाणबुड्यानं पाणी टाकलं तर करायचं काय? वहिनीनं समजावलं, चिडवलं, शेवटी तिनंही नाद सोडला. दादाला अन्न गोड लागेना. भावाची भाकरी आपल्या हातांनी हिरावली, हे त्याला दिसत होतं.

पलीकडे नवा माणूस आला. तरणाबांड, दंड मांडीएवढे. पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं. दोन टोले गेले, दोन टोले आले. धाकटा पोशाख घालून दादाच्या मागे उभा होता.

"कसा आहे?"

"जोर आहे."

अर्धा फेरा झाला आणि चाक थांबलं.

समोर नवा माणूस चाकाला लोंबकळत होता. चेहरा लालबुंद झालेला. त्यानं दांड्याला लाथ घातली, आपल्या भाषेत काहीतरी झणझणीत हासडलं, आणि हात पसरून दादाला विचारलं, काय झालंय याला?

दादानं हात वर करून त्याला थांब म्हटलं. चाक हलायला लागलं तेव्हा दोघांनी मिळून दरवाजा पुरता वर घेतला. दादानं खिट्टी घातली, हात चाकावरून काढून पाठीमागे बांधले.

धाकटा पाण्याकडे बघत होता. "आहे का तो?"

"उतर," दादा म्हणाला.