अर्धी राहिलेली मानाची चटई

माझी नणंद फेतौई बोलायला लागली की माणसाला उभं सोलून काढायची. लग्न होऊन मी या गावात आले, त्याच दिवशी माझ्या हातचं मासळीचं कालवण चाखून वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुझ्या माहेरी समुद्र नाही वाटतं? मीठ कुठं गेलं?" सामोआत भावाच्या घरी बहिणीचा शब्द शेवटचा. बायको काय, परगावची. तिनं चूल पेटवावी, नणंदेपुढे पान मांडावं आणि तोंड मिटून बसावं. मी मिटून बसले, पण मनातल्या मनात त्यांना जेवढं बोलले तेवढं देवानं ऐकलं असेल तर माझं काही खरं नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. वन्संसारखी मानाची चटई आमच्या किनाऱ्यावर कुणी विणत नव्हतं. केवड्याची पानं उकडायची, समुद्रात भिजवायची, उन्हात पांढरी करायची, मग नखानं चिरून दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या काढायच्या. त्या पट्ट्यांची चटई होते ती बसायची नव्हे. ती लग्नात द्यायची, मयताला द्यायची, सरदारकीची पदवी देतात त्या समारंभात सगळ्यांसमोर उलगडायची. वन्संची चटई घडी घातली की मऊसूत कापडासारखी पडायची. विणताना त्यांची जीभ बंद असायची, म्हणून घरातल्या सगळ्यांनाच त्यांचं विणकाम प्रिय होतं.

माझा नवरा इओसुआ त्यांचा धाकटा भाऊ. घराण्याची सरदारकीची पदवी त्याला द्यायचं ठरलं, तेव्हा वन्संनी भरल्या बैठकीत सांगून टाकलं, "माझ्या भावाच्या पदवीला माझ्या हातची चटई. दुसऱ्या कुणाची एक काडी त्यात लागायची नाही." वन्संना मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच न्यूझीलंडला निघून गेला होता. जगात अंगावर मिरवावं असं त्यांच्याकडे हे एकच होतं.

चटई अर्ध्यावर आली आणि शेजारच्या गावाशी बायकांची किरिकिती ठरली. आमचं क्रिकेट म्हणजे अर्धा खेळ आणि अर्धा नाच. टाळ्या कुठं वाजवायच्या, उड्या कधी मारायच्या, हे सांगायला वन्सं पुढे. फलंदाजाकडे पाठ करून त्या आम्हाला हसवत होत्या. रबराचा चेंडू, पण लागला की दगडच. तो त्यांच्या कानामागे बसला. त्या गुडघ्यावर खाली आल्या.

"बसा हो जरा सावलीत," मी म्हटलं.

"सावलीत बसायला मी काय बाळंतीण आहे?" असं म्हणून त्यांनी शहाळं प्यायलं आणि बॅट घेऊन मैदानात गेल्या. आम्ही जिंकलो. घरी येताना रस्त्याच्या कडेला त्यांना उलटी झाली. ऊन लागलं, डुकराचं मांस बाधलं, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे कोकोचा कप ठेवला. त्या बघतच राहिल्या. "दोन कप कशाला?" मला वाटलं, टोमणा आहे. मी म्हटलं, "एकच आहे, वन्सं." त्यांनी हात पुढे केला आणि कपाच्या शेजारी, रिकाम्या चटईवर बोटं मिटली. त्या हसल्या नाहीत. टोमणा नव्हता तो.

चर्चमध्ये स्तोत्राच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढायला लागल्या. बाहेर पांढऱ्या वाळूवरचं ऊन सोसेना. गावातल्या औषधवाल्या म्हातारीनं तेल लावून डोकं चोळलं, त्यानं नुसतं डोकं चिकट झालं. शेवटी राजधानीत, आपियाला, डॉक्टरकडे नेलं. तरुण पोरगी होती. म्हणाली, "आजी, डोळे चांगले आहेत. डोक्याला हादरा बसलाय. जवळचं बघताना दोन्ही डोळे एका जागी येत नाहीत, म्हणून एकाचे दोन दिसतात."

"आजी कुणाला म्हणतेस गं?" वन्सं म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "विणता येईल?"

"बारीक काम सध्या नको. एका डोळ्यावर पट्टी लावा, बरं पडेल. पेन हळूहळू नाकाशी आणायचा, दोन दिसले की थांबायचं. पुष्कळ जणांचं सुधारतं. काहींचं थोडं राहून जातं."

राहून जातं एवढंच वन्संनी ऐकलं. रोज सकाळी दारात बसून पेन नाकाशी आणायच्या आणि पेनाला शिव्या द्यायच्या. इओसुआ खांबाआडून बघायचा. आमच्यात वयात आलेले भाऊबहीण एकमेकांशी मोकळं बोलत नाहीत, मर्यादा असते. तो मला म्हणाला, "तिला सांग, चटई नसली तरी चालेल." मी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "त्याला सांग, चालणार नाही."

आणि त्या विणायला गेल्या. पट्टी बांधून थोडं जमायचं, मग डोकं ठणकायचं, मळमळायचं, मग त्या पालथ्या पडून राहायच्या. तेवढं थांबत थांबत झालं असतं तर कदाचित चटई पुरी झाली असती. पण विणकामघरात दर आठवड्याला तेलेसियाआजी तपासायला यायच्या. सगळ्या बायकांच्या वर त्या. त्या आल्या की वन्सं पट्टी काढून मांडीखाली लपवायच्या आणि दोन्ही डोळ्यांनी भराभर विणायच्या, जसं काही झालंच नाही. आमच्या बायका मरतील, पण विणकामघरात कमी पडलेल्या दिसणार नाहीत. माझं ऐकतील तर त्या वन्सं कसल्या!

समारंभ तोंडावर आला तेव्हा तेलेसियाआजींनी चटईवरून हात फिरवला. हात एका जागी थांबला. त्यांनी चटई उजेडासमोर धरली. पट्ट्या कुठं दोन एकदम उचललेल्या, कुठं एक सुटलेली, आणि तिथून पुढची सगळी वीण तिरकी गेलेली.

"फेतौई," त्या म्हणाल्या, "हे कुणी विणलं?"

वन्संनी बोटांनी ती जागा चाचपली. पुन्हा चाचपली. "मी," त्या म्हणाल्या. "मला सरळ दिसत होतं."

उसवायला गेलं की वाळलेल्या पट्ट्या तुटत होत्या. नवी पानं तयार करायला वेळ नव्हता. वन्संनी ती चटई स्वतःच गुंडाळली. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मी देवाशपथ सांगते, त्या दिवशी मला त्यांची शिवी हवी होती.

माझ्या आईनं माझ्या लग्नात दिलेली चटई पेटीत होती. मी ती काढून दिली. तेलेसियाआजी म्हणाल्या, "फेतौईनं समारंभाच्या मैदानात न्यावी. कुणाच्या हातची ते बोलायचं कारण नाही." कुणी बोललं नाही. वन्संही नाही.

समारंभाच्या दिवशी सगळे सरदार मैदानाच्या कडेनं बसले होते. इओसुआ मध्ये, अंगाला तेल, मान खाली. चटईचं पुढचं टोक वन्संनी धरलं, मागचं मी. एका डोळ्यावर पट्टी होती, म्हणून त्या पाय चाचपत टाकत होत्या. चटई उलगडली आणि वारा तिच्यात शिरला. देणाऱ्याचा मान राखायला सगळे ओरडतात तसे सगळे ओरडले, "साओ! साओ!" एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "फेतौईचा हात! अंधारातसुद्धा ओळखेन मी!"

वन्सं थांबल्या. मला वाटलं, अडखळल्या.

"हा माझा हात नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, सोलून काढणारा. "ही वहिनीच्या आईची चटई आहे. माझी घरी पडलीय, बिघडवून ठेवलेली. मला आता दिसत नाही नीट. उगाच माझ्यासाठी ओरडू नका."

तेलेसियाआजींनी मान फिरवली. इओसुआ जमिनीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. वन्संनी पूर्ण मागे वळून मला शोधलं. पट्टीच्या बाजूचं त्यांना दिसायचंच नाही.

"उभी काय राहिलीस? तुझ्या आईचं नाव घेतलंय मी. ओरड की!"

माझ्या माणसांचं नाव कुणीतरी या गावात घ्यावं म्हणून मी इतकी वर्षं झुरले होते. आता घेतलं, तर माझं तोंड उघडेना. मग चटईचं टोक छातीशी धरून वन्संच ओरडल्या, "साओ!" त्यांचा आवाज मध्येच फाटला, पण त्या पुन्हा ओरडल्या. मैदानात त्यांचा एकटीचाच आवाज होता.